ओझ्याचा हिशेब: टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत एन्कम्ब्रन्सचा नियम कसा वापरावा

टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रांच्या साहसकथा खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत, नियमपुस्तकात छापलेला असूनही टेबलावर पाळला न जाणारा नियम म्हणून एन्कम्ब्रन्सचे, म्हणजे ओझ्याच्या नियमाचे, नाव सहज घेता येईल. पहिल्या सत्रात सगळे खेळाडू कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, वजने नीटनेटकी मांडतात, तिसऱ्या सत्रापर्यंत तो रकाना मागे पडतो आणि दहाव्या सत्रात कोणाच्या तरी पाठीवर चार दोर, एक शिडी, दोन जादा चिलखते आणि मागच्या मोहिमेतला घंटानाद करणारा पितळी पुतळा निघतो. दोष बेरजेच्या कटकटीला दिला जातो. माझे मत वेगळे आहे: बेरीज कोणालाही जमते, पण त्या बेरजेतून टेबलावर कोणताही निर्णय निघत नसेल तर ती करण्याचा कंटाळा येणारच. म्हणून या लेखात आधी ओझ्यातून कोणता निर्णय निघावा हे ठरवू, मग मोजण्याची पद्धत निवडू आणि त्यानंतर प्रत्यक्ष आकडेमोडीकडे वळू.

नियम मुळात कशासाठी होता

डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत सामानाचे वजन सोन्याच्या नाण्यांत मोजले जात असे. हे आज विचित्र वाटते, पण त्यामागे पक्के कारण होते. त्या काळच्या नियमांत तळघरातून बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे एक अनुभवगुण मिळत असे, त्यामुळे पात्र किती नाणी उचलू शकते हा प्रश्न आणि पात्राची प्रगती किती वेगाने होते हा प्रश्न व्यवहारात एकच होता.

याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक आवृत्तीतील आकडे घेऊन हे पाहू. तेथे दहा नाण्यांचा एक पौंड धरलेला आहे. पात्रावरील भार ४०० नाण्यांपर्यंत असेल तर ते दहा मिनिटांच्या एका टर्नमध्ये १२० फूट पुढे सरकते, ६०० पर्यंत ९० फूट, ८०० पर्यंत ६० फूट आणि १६०० पर्यंत केवळ ३० फूट. त्यापुढे हालचालच बंद. प्लेट चिलखताचे ५००, ढालीचे १००, तलवारीचे ६० आणि किरकोळ सामानाचे सरसकट ८० धरले, तर पूर्ण सज्ज योद्धा दारातून आत शिरतानाच ७४० नाण्यांच्या भाराखाली असतो. त्याने आणखी ६० नाणी उचलली तरी चालते. एकसष्टावे नाणे त्याचा वेग निम्मा करते.

आता परतीच्या वाटेवर ३६० फुटांचा बोळ आहे असे समजू. त्या नियमांत मशाल सहा टर्न जळते आणि दर दोन टर्ननंतर भटक्या राक्षसांसाठी फासा टाकला जातो, ज्यात सहापैकी एक शक्यता अनिष्ट असते. ६० फुटांच्या वेगाने हा बोळ सहा टर्नमध्ये संपतो, म्हणजे एक मशाल, तीन फासे आणि निदान एकदा तरी गाठ पडण्याची सुमारे ४२ टक्के शक्यता. ३० फुटांच्या वेगाने बारा टर्न, दोन मशाली, सहा फासे आणि सुमारे ६७ टक्के. चिलखताविना रिकाम्या हाताने चालणारा मात्र तीन टर्नमध्ये, एकाच फाशावर, १७ टक्के जोखमीने बाहेर पडतो. ओझे, वेग, उजेड आणि धोका अशी ही साखळी आहे आणि तिची एक कडी जरी काढून टाकली तरी ओझ्याचा नियम निव्वळ कारकुनी ठरतो. पुढच्या काळात सोन्यामागे अनुभवगुण देण्याची रीत गेली, मशालींची मोजणी सैल झाली, पण वजनाचा तक्ता मात्र पुस्तकात राहिला.

पहिली पायरी: आपल्या खेळात साखळी आहे का ते पाहणे

गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, मोहीम सुरू करण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. संथ चालल्यामुळे पार्टीचे, म्हणजे पात्रांच्या गटाचे, खरोखर काही बिघडते का? अन्न, उजेड किंवा बाण संपण्याची वेळ कधी येते का? आणि सापडलेली सगळी लूट नेता आली नाही तर खेळाडूंना हळहळ वाटेल का? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर ओझे मोजण्यात अर्थ आहे आणि जे उत्तर होकारार्थी असेल त्यावरूनच कशावर बारीक नजर ठेवायची हे ठरते. तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील, उदाहरणार्थ मोहीम दरबारी कारस्थानांची असेल आणि पात्रे रोज रात्री स्वतःच्या घरी झोपत असतील, तर वजने लिहायला लावून खेळाडूंचा वेळ घेऊ नये.

दुसरी पायरी: एकक निवडणे

मोजण्याच्या पद्धती ढोबळमानाने तीन आहेत: प्रत्यक्ष वजन, अवजडपणाचे गुण आणि स्लॉट, म्हणजे सामानासाठीच्या ठरावीक जागा.

प्रत्यक्ष वजनाच्या पद्धतीत पौंडांची बेरीज केली जाते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वहनक्षमता म्हणजे स्ट्रेंग्थच्या (पात्राच्या ताकदीच्या) आकड्याची पंधरापट, त्यामुळे स्ट्रेंग्थ १० असलेला सामान्य माणूस १५० पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो, घेऊन कोणताही परिणाम न होता चालतो. ज्याने कधी घर बदलताना पुस्तकांची खोकी जिन्याने वर नेली आहेत त्याला ही उदारता पटणार नाही. गर्प्स या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत सूत्र वर्गाचे आहे: शक्तीच्या आकड्याचा वर्ग भागिले पाच, इतके पौंड म्हणजे मूळ उचल. शक्ती १० असेल तर मूळ उचल २० पौंड आणि शक्ती २० असेल तर ८० पौंड, म्हणजे शक्ती दुप्पट झाली की उचल चौपट होते. मूळ उचलीपर्यंत भार नाही असे धरतात. तिच्या दुप्पट, तिप्पट, सहापट आणि दहापट भाराचे चार टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर वेग पाचव्या हिश्श्याने घटत जातो, तर वार चुकवण्याची क्षमता एकेका गुणाने कमी होते. ही पद्धत सर्वांत प्रामाणिक आहे आणि कागदावर सर्वांत कष्टाचीही.

अवजडपणाचे गुण ही पाथफाइंडर या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीची वाट आहे. तेथे वस्तूला पौंडांऐवजी बल्क असते आणि बल्कमध्ये वजनासोबत वस्तू सांभाळण्याची अडचणही धरलेली असते. दहा हलक्या वस्तूंचा एक बल्क होतो, दहापेक्षा कमी सुट्या हलक्या वस्तू हिशेबात येत नाहीत आणि हजार नाण्यांचा एक बल्क धरतात. पाच अधिक स्ट्रेंग्थचा मॉडिफायर (ताकदीमुळे फाशात मिळणारी वाढ किंवा घट) इतक्या बल्कपर्यंत पात्र मोकळे असते. त्यापुढे वेग १० फुटांनी घटतो आणि हालचालीत अवघडलेपण येते. दहा अधिक मॉडिफायर ही शेवटची मर्यादा. आठ फुटी बांबू वजनाला हलका असला तरी अरुंद बोळात तो घेऊन फिरणे किती त्रासाचे असते, हे पौंडांत कधीच उतरत नाही, ते बल्कमध्ये उतरते.

स्लॉटची पद्धत सर्वांत सोपी आहे: एक ओळ, एक वस्तू. नेव्ह या खेळात दहा अधिक कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा, बोनस इतके स्लॉट मिळतात. शॅडोडार्क या खेळात स्ट्रेंग्थचा आकडा किंवा दहा, यांतील मोठी संख्या. केर्न या खेळात सर्वांना सरसकट दहा, अवजड वस्तूला दोन आणि किरकोळ वस्तूला शून्य. केर्नमधील एक युक्ती मला विशेष आवडते. थकवादेखील स्लॉट अडवतो आणि दहाही स्लॉट भरले की पात्राचे हिट प्रोटेक्शन, म्हणजे इजा टाळण्याची क्षमता, शून्यावर येते. त्यामुळे मंत्र टाकून थकलेल्या जादूगाराला पुढचा मंत्र टाकण्यापूर्वी पाठीवरचे काय खाली ठेवायचे याचा विचार करावा लागतो. एका रकान्यात दोन वेगळ्या चणचणी इतक्या कमी शब्दांत बसवलेल्या क्वचितच पाहायला मिळतात.

निवड करताना खेळाडूंचा स्वभाव पाहावा. ज्यांना तयारी करण्यातच आनंद वाटतो, त्यांना पौंड द्यावेत. ज्यांना लवकर दारापर्यंत पोहोचायचे आहे, त्यांना स्लॉट. नवख्या गटाबरोबर मी स्लॉटच सुचवीन, कारण नियम मोडला आहे हे कागदाकडे एक नजर टाकताच दिसते.

तिसरी पायरी: उंबरठे काढणे आणि सामान वाटणे

पौंडांची पद्धत निवडली असेल तर डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतील ऐच्छिक एन्कम्ब्रन्स नियम घ्यावा, कारण मूळ पंधरापटीची मर्यादा इतकी दूर आहे की ती क्वचितच आड येते. ऐच्छिक नियमात दोन उंबरठे आहेत. भार स्ट्रेंग्थच्या पाचपटीहून अधिक झाला की वेग १० फुटांनी घटतो. दहापटीहून अधिक झाला की वेग २० फुटांनी घटतो आणि स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी (चपळाई) व कॉन्स्टिट्यूशनवर आधारित फाशांवर, हल्ल्यांवर आणि सेव्हिंग थ्रोवर (संकट टाळण्याच्या फाशांवर) डिसॲडव्हान्टेज येतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरावा लागतो. हे दोन आकडे प्रत्येकाने शीटच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहून ठेवावेत.

स्ट्रेंग्थ १६ असलेला योद्धा घेऊ. त्याचे उंबरठे ८० आणि १६०, कमाल मर्यादा २४०. चेनमेल चिलखत ५५ पौंड, ढाल ६, लाँगसोर्ड ३, दोन हातकुऱ्हाडी ४ आणि प्रवासी सामानाचा तयार संच ५९, एकूण १२७. तो पहिला उंबरठा ओलांडून बसला आहे, त्याचा वेग ३० ऐवजी २० फूट आहे. परंतु लढाई सुरू होताच त्याने पाठीवरचा बोजा खाली टाकला तर भार ६८ वर येतो आणि वेग पूर्ववत होतो. आता खरा प्रश्न उभा राहतो: माघार घ्यावी लागली तर तो बोजा उचलायला कोण थांबणार?

स्ट्रेंग्थ ८ असलेल्या जादूगाराचे उंबरठे ४० आणि ८०. काठी ४, मंत्रग्रंथ ३, मंत्रसाहित्याची थैली २ आणि तोच ५९ पौंडांचा संच. एकूण ६८, म्हणजे तोही मंदावलेला. त्याच्याकडच्या दहा मशाली, पाच दिवसांचा शिधा आणि ५० फुटी दोर, प्रत्येकी दहा पौंड, योद्ध्याकडे दिले की जादूगार ३८ वर मोकळा होतो. योद्धा मात्र १५७ वर जातो. दुसऱ्या उंबरठ्याला तीन पौंड उरले. या आवृत्तीत पन्नास नाण्यांचा एक पौंड होतो, म्हणजे हा योद्धा १५० नाणी सुखाने उचलेल आणि एकशे एक्कावन्नाव्या नाण्याला अडखळेल. दोघांकडे मिळून १०० फूट दोर खरोखर हवा आहे का, हा संवाद मग आपोआप घडतो. एक दोर मागे ठेवला तर १३ पौंडांची, म्हणजे ६५० नाण्यांची, जागा होते.

संच विकत घेतला म्हणजे तो पिशवीत बसतो असे समजू नये. या आवृत्तीतील पाठपिशवीत ३० पौंड मावतात. संचातील वळकटी, दोर आणि पाण्याची पिशवी बाहेर बांधली तरी आत शिधा २०, मशाली १०, चकमक १ आणि जेवणाची भांडी १ असे ३२ पौंड उरतातच. दोन पौंडांवरून कोणी टेबलावर वाद घालू नये, पण भांडी बाहेर लटकली आहेत आणि चालताना ती वाजतात, हे दबक्या पावलांनी जाणाऱ्या पार्टीला सांगायला हरकत नाही.

चौथी पायरी: काय आहे यापेक्षा कोठे आहे ते लिहिणे

सामानाची एकच लांबलचक यादी करण्याऐवजी शीटवर चार जागा कराव्यात: हातात, अंगावर, पिशवीत आणि जनावरावर किंवा गाडीवर. नियमपुस्तकात ही विभागणी असो वा नसो, ती करावीच. हातातली वस्तू तत्काळ वापरता येते, कमरपट्ट्यावरची झटकन निघते, पिशवीतली शोधायला लढाईतली एक कृती खर्च होते आणि खेचरावरची तर खेचर जेथे बांधले तेथेच आहे. बरे करणारे औषध पिशवीच्या तळाशी आहे हे एकदा महागात पडले की खेळाडू पुढच्या वेळी जागा स्वतःहून लिहितात. योद्ध्याने बोजा टाकला तेव्हा त्यासोबत काय काय गेले, हा वादही या चार रकान्यांमुळे मिटतो.

पाचवी पायरी: कधी मोजायचे

प्रत्येक वस्तू घेताना-टाकताना बेरीज करायला लावणे हा नियम मारून टाकण्याचा खात्रीचा मार्ग आहे. तीनच प्रसंग पुरेसे आहेत. मोहिमेवर निघताना पूर्ण बेरीज करावी. मोठी लूट हाती लागल्यावर फक्त तेवढी भर धरून कोणाचा उंबरठा ओलांडला जातो ते पाहावे. आणि पळण्याची वेळ येते तेव्हा कोणाचा वेग किती आहे हे विचारावे. मधल्या काळात एखादा बाण सुटला किंवा भाकरी खाल्ली म्हणून कोणी खोडरबर हातात घेऊ नये. वीस बाणांचे वजन अवघे एक पौंड आहे.

लुटीचे वर्णन करतानाच तिचे ओझे सांगावे, ही गेम मास्टरची जबाबदारी. ‘दोन हजार नाण्यांची पेटी’ असे म्हटले की खेळाडू आकडा लिहून मोकळे होतात. ‘चाळीस पौंड नाणी, शिवाय पेटी दोघांनी दोन कड्यांना धरूनच उचलावी लागेल आणि मग कोणाचाही तलवारीचा हात मोकळा राहणार नाही’ असे म्हटले की टेबल बोलू लागते. रत्ने हलकी आणि मोलाची, चांदी जड आणि बेताची, गालिचा हलका पण दारातून न निघणारा; लुटीत अशी सरमिसळ ठेवली तर काय न्यायचे हा निर्णय रंगतो.

जखमी सोबत्याला उचलण्याचा प्रसंग तर आधीच सोडवून ठेवावा, कारण तो नेमका सर्वांत घाईच्या क्षणी येतो. आपला जादूगार १५० पौंडांचा आहे आणि त्याच्याजवळ ३८ पौंड सामान आहे असे धरू. मूळचा १२७ पौंड भार असलेल्या योद्ध्याने त्याला सामानासकट उचलले तर बेरीज ३१५ होते, ती २४० च्या वर जाते आणि इतके ओझे ओढत नेण्याचा वेग केवळ ५ फूट आहे. योद्ध्याने स्वतःचा बोजा टाकला तरी २५६. जादूगाराचेही सगळे सामान, मंत्रग्रंथासकट, मागे सोडले तर २१८ वर येऊन तो १० फुटांच्या वेगाने, डिसॲडव्हान्टेजसह, का होईना चालू लागतो. सोबती वाचला, पण त्याचा ग्रंथ शत्रूच्या तळघरात राहिला. पुढच्या सत्राचे कथानक येथेच मिळते.

संपणाऱ्या वस्तू

मशाली, बाण, शिधा एकेक मोजणे ज्यांना जाचक वाटते त्यांनी द ब्लॅक हॅक या खेळातील वापर-फाशाची युक्ती घ्यावी. वस्तूला संख्येऐवजी फासा द्यायचा. वापर झाला की तो टाकायचा. १ किंवा २ आला की फासा एक पायरी खाली उतरतो आणि चार बाजूंच्या फाशावर तसे झाले की साठा संपतो. आठ बाजूंचा फासा सरासरी नऊ वापर टिकतो, सहा बाजूंचा पाच आणि चार बाजूंचा दोन. किती उरले हे पात्राला नेमके ठाऊक नसते, ही त्यातली गंमत. शॅडोडार्कमध्ये मशाल घड्याळातल्या खऱ्या एका तासाने विझते; ही तर टेबलावरची चर्चा आवरती ठेवण्याची रामबाण तजवीज आहे.

जनावरे आणि जादूच्या पिशव्या

पाचव्या आवृत्तीत खेचर ४२० पौंड वाहून नेते, पण त्याला दिवसाला दहा पौंड चारा लागतो, म्हणजे दहा दिवसांच्या निर्जन प्रवासात १०० पौंड त्याच्या स्वतःच्याच पोटाचे होतात. शिवाय ते शिडी उतरत नाही आणि त्याच्यापाशी कोणीतरी थांबावे लागते. ओझे सुटते, तेथे राखणीचा प्रश्न येतो आणि तो प्रश्न खेळाच्या दृष्टीने चांगला आहे.

बॅग ऑफ होल्डिंग या जादूच्या पिशवीचे तसे नाही. स्वतःचे वजन कायम १५ पौंड, आत ५०० पौंड. ती मिळाली की आतापर्यंतचा बहुतेक हिशेब गुंडाळला जातो. ती देऊ नये असे मी म्हणणार नाही, पण ओझ्यावर बेतलेल्या मोहिमेत उशिरा द्यावी आणि दिल्यावर तिच्या अटी पाळाव्यात: आत ६४ घनफूटच जागा आहे, वस्तू काढायला एक कृती लागते आणि पिशवीला भोक पडले किंवा ती अति भरली तर फाटते आणि आतले सारे ॲस्ट्रल प्लेन नावाच्या वेगळ्याच लोकात विखुरते.

न मोजताही ओझे ठेवता येते

ज्यांना यांपैकी काहीच नको आहे त्यांच्यासाठी ब्लेड्स इन द डार्क या खेळाची रीत आहे. कामगिरीवर निघताना खेळाडू केवळ हलका, मध्यम किंवा जड भार जाहीर करतो, ज्यांत अनुक्रमे तीन, पाच आणि सहा गुणांचे सामान बसते. नेमके काय आणले ते गरज पडेल तेव्हा सांगायचे आणि तेवढे गुण वजा करायचे. हलका भार घेणारा गर्दीत मिसळून जातो, जड भार घेणाऱ्याकडे पाहताच लोकांना तो कशासाठी आला आहे ते कळते. येथे यादी नाही, बेरीज जवळजवळ नाही, तरीही निघण्यापूर्वीचा निर्णय आहे.

चालू मोहिमेत नियम नव्याने आणायचा असेल तर तो सत्राच्या मध्यात किंवा तळघराच्या तोंडाशी आणू नये. पार्टी सुरक्षित ठिकाणी असताना, सत्राच्या शेवटी तो जाहीर करावा, जादा सामान ठेवायला एक कोठार किंवा विश्वासू माणूस द्यावा आणि पुढच्या सत्राआधी प्रत्येकाने आपली शीट नव्याने लिहून आणावी. पहिल्या दोन सत्रांत चूक आढळली तर ती दुरुस्त करू द्यावी. तिसऱ्या सत्रात पितळी पुतळा कोणाच्या रकान्यात आहे हे विचारावे आणि उत्तर आले नाही तर तो कोठारातच राहिला असे समजावे.